हकीगत सोलीव तसबिरीची, मुक्काम के. आर. पुरम

आधी गजाननास दंडवत, मग शारदेस, मग विजेच्या देवतेस, जी आज दोन प्रहरांपासून घरी टिकून आहे म्हणोन हे लिहिणे घडते. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास, बेंगळुरू शहराचे पूर्वेस के. आर. पुरम म्हणोन ठाणे, तेथे रेल्वेचे रूळ आणि झुलता पूल आणि पुलाखाली सदैव खोळंबलेली वाहने, त्या ठाण्याचे राजश्री नरसिंहराव यांणी मेलेली फिल्म जिवंत केली, तिची ही हकीगत. आळीत नाना कंड्या उठल्या. कोणी म्हणतो न्हाणीघर जळाले, कोणी म्हणतो म्हातारीने घात केला. सगळ्या थापा! ज्यांणी डोळ्यांनी पाहिले त्यांस कॉफी पाजून, दोन-दोनदा विचारून, मगच आम्ही लेखणी उचलली आहे.

नरसिंहराव म्हणजे वय वर्षे चौसष्ट, पीण्या म्हणोन कारखान्यांची पेठ, तेथील एका शाईकारखान्यात चौतीस वर्षे रसायनांची सुभेदारी करोन सन्मानाने घरी बसलेले, बोलण्यात निम्मे मराठी, पाव कानडी आणि उरलेली कपाळावरची आठी. त्यांची वडील बहीण तुंगाबाई, साऱ्या आळीच्या अक्का, वय अठ्ठ्याहत्तर. नरसिंहराव सहा वर्षांचे असता आई निवर्तली, तेव्हा अक्कांनी त्यांस उचलले आणि वाढविले, आणि लग्न होऊन सासरी गेल्या तर तेथेही कडेवर घेऊनच गेल्या म्हणाना. यजमान येसाजीराव ऐसे दिलदार की मेहुण्यास पोटच्या पोरासारखे ठेविले. हे येसाजीराव यंत्रांच्या कारखान्यातर्फे जर्मनीस शिकावयास गेले आणि येताना एक भात्याचा, घडीचा कॅमेरा घेऊन आले. येथून पुढे सारा इतिहास आहे.

हा कॅमेरा सामान्य नव्हे. कळ दाबावी, मग बाजूने कागदाचे शेपूट ओढावे, म्हणजे आतले दोन कागद दोन रुळांमधून चेपून बाहेर येतात, आणि त्यांचे कडेस रसायनी खळीची एक चपटी पुडी असते ती फुटून खळ दोहोंमध्ये पसरते, मग एक मिनिट दम धरावा, आणि केळे सोलावे तैसा वरचा कागद सोलावा, की खाली ओली तसबीर हजर. प्रत एकच. दुसरी मागू म्हटले तरी मिळणे नाही.

सन सत्त्याहत्तरपासून दर दसऱ्यास नरसिंहराव कॅमेऱ्यामागे उभे आणि समोर अक्का, येसाजीराव, त्यांचे चिरंजीव विश्वासराव, मागाहून नरसिंहरावांचे कुटुंब वासंतीबाई, ऐसा शिरस्ता पडला. आणि दरसाल एकच तंटा. नरसिंहराव ओरडत, "अक्का, काचेत बघ, काचेत!" आणि अक्का म्हणत, "बघतेच आहे की रे," आणि भलतीकडेच पाहात. ऐशा एकतीस तसबिरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा जाहल्या, आणि बत्तिसावे साली विलायतेहून वर्तमान आले की ही फिल्म काढणे बंद. पुढे परमुलुखी कोणी हिकमती लोकांनी दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यांची फिल्म पुन्हा उभी केली ऐसे ऐकिले, परंतु या कॅमेऱ्यास कोणी वाली निघाला नाही. येसाजीराव वारले, कॅमेरा कपाटात गेला, आणि डब्याचे झाकण गंजले.

ऐसे असता यंदा ज्येष्ठ मासी खलिता आला. विश्वासराव मेलबर्न मुलुखी कायमचे ठाणे देऊन आहेत, त्यांणी अक्कांचा परवाना मिळविला, आणि आश्विन शुद्ध एकादशीचे विमान ठरविले. जाणे ते कायमचे. अक्कांनी हे ऐकिले आणि शेंगा निवडता निवडता फर्मान काढिले: "नरसू, जायच्या आधी आपल्या कॅमेऱ्यावर एक फोटो काढून दे रे मला. हातात धरायचा. फोनातला नको. फोन बदलला की माणसं जातात." नरसिंहराव म्हणाले, "काढतो." शब्द जाऊ नये तेथे गेला. मग त्यांस आठवले की फिल्म नाही, आणि त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

दुसरे दिवशी मसलत बसली. माडीवरचे भाडेकरू मल्हारराव, पुणे प्रांतीचे, संगणकाच्या चाकरीत, वय बत्तीस, हे आपण होऊन सामील जाहले आणि म्हणाले, "काका, हे तर फुल ऑन स्टार्टअप आहे! आधी डेक बनवू." डेक म्हणजे काय हे नरसिंहरावांनी विचारिले नाही, कारण अज्ञान दाखविणे त्यांचे घराण्यात नाही. आठ दिवसांनी मल्हाररावांनी चाळीस रंगीत पाने संगणकावर दाखविली, त्यांत बाण होते आणि वर्तुळे होती आणि फिल्म कोठेही नव्हती. मग नरसिंहराव संतापले आणि म्हणाले, "अरे, हे घालू कुठे? कॅमेऱ्यात?" आणि जातीनिशी मोहिमेस निघाले.

पहिली स्वारी होसकोट्यावर. तेथे एका वखारीत रुग्णालयांच्या कामाची जुनी क्ष-किरण फिल्म पडून होती, ती पेट्यांनिशी हस्तगत जाहली, आणि ती लाल उजेडात कापता येते ही मोठीच सोय. पुलाखाली दीड तास मुक्काम पडला, रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प वेट माडी सार," आणि ते स्वल्प सूर्यास्तापर्यंत चालले.

दुसरी लढाई खळीची. ही खळ पातळ जाहली तर वाहते, घट्ट जाहली तर पसरत नाही, आणि गुठळी राहिली तर तसबिरीत माणसाचे तोंडावर देवी आल्यासारखे दिसते. नरसिंहरावांनी मागल्या ओसरीवर पातेले मांडिले आणि बावीस दिवस ढवळिले आणि बावीस दिवस गुठळ्या. तेविसावे दिवशी अक्का तिकडून जात होत्या, त्यांणी पातेल्यात डोकावून पाहिले, नाचणीची अंबली समजल्या, आणि म्हणाल्या, "काय रे हे! आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, मग आधणात सोडावं. एवढं शिकवलं होतं ना तुला?" चौतीस वर्षांची रसायनविद्या मुकाट्याने उठली आणि तिने गार पाणी आणिले. एक गुठळी राहिली नाही. हे शास्त्र आपणांस ठाऊक होतेच, केवळ विसर पडला होता, ऐसे नरसिंहराव आजही सांगतात आणि आम्ही मान डोलावितो.

तिसरी लढाई पुडीची, आणि ही सर्वांत बिकट. पीण्यात वेणुगोपाळ म्हणोन गृहस्थ, नरसिंहरावांचे जुने स्नेही, लोणच्याच्या पुड्या चिकटविण्याचे यंत्र चालवितात. त्यांस विनंती केली की ऐसी पुडी करावी जी रुळांखाली येताच एका अंगाने फुटेल. हे ऐकोन वेणुगोपाळांचा चेहरा उतरला. ते कानडीत बोलले, त्याचा मतलब ऐसा: "सार, चौदा वर्षं झाली. माझी पुडी लॉरीखाली आली, फुटली नाही. गिऱ्हाईक दाताने ओढतात, फुटत नाही. आणि तुम्ही इतके शिकलेले, मला फुटणारी पुडी करायला सांगता?" नरसिंहरावांनी रुळांचा दाब सांगितला, कागदावर आकृती काढिली, काही उपयोग नाही. शेवटी दमून म्हणाले की अक्का चालली, आता परत यायची नाही, तिला फोटो पाहिजे. "अय्यो, अक्का होगताराऽ? जाणार?" वेणुगोपाळ म्हणाले आणि उठलेच. तीन कडा पोलादासारख्या आणि चौथी कच्ची, ऐसी पुडी त्यांणी केली, परंतु करण्याआधी यंत्रावरचा देवाचा फोटो भिंतीकडे तोंड करोन ठेविला, की हे दुष्कृत्य त्याचे नजरेस पडू नये.

मग न्हाणीघर दस्त केले, कारण अंधारास दुसरी जागा नाही. वासंतीबाईंनी तह लिहोन दारास चिकटविला की आठपर्यंत न्हाणीघर घरच्यांचे, आठ ते अकरा फौजेचे, आणि बाहेरून कडी वाजविली असता आतल्याने "आलोच" म्हणू नये, कारण तो येत नाही. पहिल्याच दिवशी नरसिंहराव आणि मल्हारराव आत बारा कागद जोडीत असता मल्हाररावांचे खिशात फोन लखलखला. बाराही कागद उजेडास बळी पडले. मल्हारराव म्हणाले, "सॉरी काका, ऑफिसची स्टँडअप मीटिंग होती." नरसिंहराव म्हणाले, "न्हाणीघरात? बसून?" आणि त्यांचा फोन त्या दिवसापासून तांदळाच्या डब्यात अटकेस राहिला.

पुढे तसबिरी निघू लागल्या. पहिली काळीठिक्कर, दुसरी पांढरीफटक, तिसरीत वासंतीबाईंचे मुंडके आले आणि धड आले नाही, त्यावरून घरात दोन दिवस अबोला पडला. परंतु भाद्रपद सरता सरता सातवी तसबीर निघाली, तीत मोरीवरला तांब्या ऐसा स्वच्छ उमटला की त्याचा पोचासुद्धा दिसला. नरसिंहराव तो कागद घेऊन आळीभर फिरले. लोकांनी विचारिले, हे काय? ते म्हणाले, तांब्या! लोक काळजीने घरी गेले.

आता पुड्या संपत आल्या होत्या आणि वेणुगोपाळांचा कारखाना दसऱ्यास बंद, तेव्हा त्यांणी शेवटच्या नऊ पुड्या मोजून पाठविल्या. त्यांचे कागद जोडून काळ्या डब्यात घातले आणि दुसरे दिवशी नरसिंहरावांनी अंधारात चाचपून मोजिले, तर आठ. फोन गेला: "वेणू, आठच दिलेस." उत्तर आले: "नऊ, सार. दोनदा मोजले." शब्दास शब्द लागला, तीस वर्षांच्या दोस्तीस तडा गेला, आणि मल्हारराव तेथेच बसले होते ते उगाच छताकडे पाहात राहिले. एकादशीस उणे तीन दिवस. डब्यात आठ कागद आणि जगात दुसरा नाही.

मग उजाडली महानवमी, आयुधपूजेचा दिवस. त्या दिवशी या शहरात बस, रिक्षा, लेथ, संगणक, इस्त्री, ज्यावर म्हणोन पोट आहे त्या सर्वांस हळदकुंकू लागते आणि दारोदार कोहळे फुटतात. अक्कांची आज्ञा जाहली की कॅमेरा आणि त्याचा दारूगोळा देवापुढे ठेवावा. नरसिंहरावांनी तैसे केले आणि कोहळा आणावयास बाजारी गेले. डब्यावर मल्हाररावांनी भले मोठे इंग्रजी चिकटविले होते की उघडू नये. अक्कांस मराठी येते, कानडी येते, रामनामाची वही येते. इंग्रजी येत नाही. त्यांणी डबा उघडला, आठही कागद ताम्हणात पंख्यासारखे मांडिले, एकेकास हळद लाविली, कुंकू लाविले, फूल वाहिले, आणि निरांजन तीनदा सावकाश ओवाळिले.

नरसिंहराव खांद्यावर कोहळा घेऊन दारात आले आणि त्यांणी पाहिले. कोहळा खांद्यावरून सुटला आणि उंबऱ्यावर फुटला, आणि शेजाऱ्यांनी मुहूर्त साधला म्हणोन टाळ्या वाजविल्या. नरसिंहराव ओरडले, "अक्का, काय केलंस ग हे!"

"पूजा केली," अक्का म्हणाल्या. "झाकलेल्या शस्त्राला कुंकू लावतात का कुठे?"

मग त्यांस समजाविले, की उजेड लागला, की आता यांत काही उमटणार नाही. अक्का ताम्हणाकडे पाहात राहिल्या. "सगळे?" त्यांणी विचारिले. "सगळे," नरसिंहराव म्हणाले. अक्का आत जाऊन भिंतीकडे तोंड करोन निजल्या. नरसिंहरावांस वाटले की आपण ओरडलो ते वाईट केले, फिल्म गेली ते परवडले होते. पाने मांडिली तरी अक्का जेवल्या नाहीत, म्हणोन नरसिंहराव जेवले नाहीत, म्हणोन वासंतीबाई जेवल्या नाहीत.

दोन प्रहरी मल्हारराव पुरणपोळीच्या आमंत्रणावरून खाली उतरले, तो पाने मांडलेली आणि माणूस एक नाही. त्यांस सगळे कळले. मग ते हातातली वाटी फिरवीत बोलले, "काका, एक सांगू? चिडणार नाही ना? नववा माझ्या फ्रिजमध्ये आहे. काळ्या पाकिटात, इडलीच्या पिठामागे."

"कसला नववा?"

"बॅकअप. आमच्याकडे बॅकअपशिवाय काही लाइव्ह करत नाहीत. सांगणार होतो हो, पण तुम्ही वेणूअंकलवर इतके तापला होता की माझी हिंमतच झाली नाही."

नरसिंहरावांनी हात उगारला आणि त्याच हाताने मल्हाररावांस उराशी धरिले. पुणेकरांस ऐसी सलगी मानवत नाही, परंतु त्यांणी ती सोसली. मग पीण्यास फोन गेला आणि नरसिंहराव म्हणाले, "वेणू, नऊच होत्या. तप्पायतु, चुकलो." तिकडून आवाज आला, "सरी सार, बरं. उद्या येतो." इतकेच बोलणे आणि दोस्ती पूर्ववत जाहली. अक्कांस उठवून सगळ्यांनी गार पोळ्या खाल्ल्या.

दशमीस सकाळी दहा वाजता अंगणात लढाई उभी राहिली. आसोपालवाचे सावलीत वेताची खुर्ची, खुर्चीत अक्का हिरव्या काठाचे रेशमी लेवून, वेणुगोपाळ बन्नीची म्हणजे शमीची पाने वाटीत, वासंतीबाई हातात घड्याळ घेऊन, मल्हारराव फोनाविना. कॅमेऱ्यात कागद एक. नरसिंहरावांनी भाता उघडला, अंतर मोजिले, उजेड मोजिला, घसा खाकरला आणि अठरा वर्षांनी आरोळी ठोकली, "अक्का, काचेत बघ!"

तो अक्का उठल्या. कॅमेऱ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाजूला सर. तू बैस तिथं."

"अग, एकच आहे! वाया जाईल."

"म्हणूनच. डब्यात एकतीस फोटो आहेत, नरसू. एकातसुद्धा तू नाहीस. तिथं जाऊन मी बघू कुणाला?"

चार महिने मोहीम चालली आणि तसबीर कोणाची हे विचारावे ऐसे त्या शहाण्यास सुचले नव्हते. सगळे गृहीतच धरिले होते. नरसिंहराव जाऊन खुर्चीत बसले आणि हात कोठे ठेवावे हे त्यांस कळेना, कारण जन्मात या बाजूस बसले नव्हते. अक्कांनी जर्मनीचा कॅमेरा आयुष्यात प्रथम हाती धरिला. "हलू नकोस," ऐसी आज्ञा जाहली. कळ दाबिली. मग वेणुगोपाळ आणि मल्हारराव दोहों बाजूंनी "हळू अक्का, सरळ अक्का, एका दमात" म्हणत असता अक्कांनी शेपूट ओढिले, आणि आतून पुच् ऐसा आवाज आला. "फुटली!" वेणुगोपाळ ओरडले, आणि आपली पुडी फुटल्याचा आनंद होण्याचा त्यांचे आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग.

वासंतीबाईंनी साठ मोजिले.  मग अक्कांनी सोलिले.

आली! कडेस काळा पट्टा, कोपऱ्यात खळ पोहोचली नाही तेथे पांढरे, आणि मध्ये नरसिंहराव, मान वळलेली, किंचित हललेले, डोळे भरलेले. एकतीस वर्षे लोकांस हलू नका म्हणणारा गृहस्थ स्वतः हलला होता. अक्कांनी तसबीर डोळ्यांशी नेली, दूर धरिली, आणि म्हणाल्या, "काल सगळ्या शस्त्रांना लावलं, हा एकटाच राहिला." आणि कोणी अडविण्याआधी पूजेच्या वाटीतली हळद बोटावर घेऊन ओल्या तसबिरीस लाविली. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल जाहली. नरसिंहरावांस त्यातले मर्म तत्काळ कळले, की खळ क्षाराची आणि हळद क्षारास भेटली की कुंकू होते. परंतु त्यांणी अक्कांचे बोट धरोन आधी नळाखाली नेले, कारण खळ पोळते. टिळा कपाळास लावावयाचा होता, तो नाकावर पडला होता.

"लहानपणीसुद्धा असाच हलायचा," अक्का वासंतीबाईंस म्हणाल्या. "कुंकू लावायला गेलं की नाकावर."

एकादशीस विमानतळाचे दारात अक्कांनी ती तसबीर रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेविली आणि पिशवीतून बिस्किटांचा डबा काढोन नरसिंहरावांचे हाती दिला. ते म्हणाले, "अग, हे तुझे फोटो, घेऊन जा." अक्का म्हणाल्या, "मी मला कशाला लागते? तिथं मी असणारच आहे." मग पाठीवरून हात फिरविला, आणि चाकाच्या खुर्चीत बसोन आत गेल्या.

घरी येऊन नरसिंहरावांनी डबा उघडला आणि एकतीसही तसबिरी मेजावर ओळीने मांडिल्या आणि प्रथमच त्या निरखून पाहिल्या. एकाही तसबिरीत अक्कांची नजर भिंगावर नव्हती. भिंगाच्या चार बोटे वर होती. तेथे दरसाल कोणाचे डोके असे हे सांगणे नलगे. वासंतीबाईंनी कॉफी आणून ठेविली ती तशीच निवली.

सबब, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन वद्य एकादशी, मुक्काम के. आर. पुरम, फिल्म जिवंत जाहली, दिला शब्द पुरा जाहला, न्हाणीघर वासंतीबाईंस परत जाहले, आणि मोहीम फत्ते जाहली ऐसे सर्वांस विदित व्हावे. मजकुरात काही उणेअधिक असल्यास खुद्द अक्कांस विचारून घ्यावे. त्यांचा व्हिडिओ रोज सायंकाळी येतो, आणि त्या अजून काचेत पाहात नाहीत.